महाकामच्या मुखावरची गावं आणि पुंगवाचं बिनव्याजी कर्ज



मासेमारी बंदीचे दोन महिने म्हणजे होड्या किनाऱ्यावर, जाळी दुरुस्तीला आणि माणसं मोबाईलवर. या दिवसांत आपल्या तरुण सभासदांकडून एक विचारणा पुन्हा पुन्हा येते. "इंडोनेशियात म्हणे खाडीकाठी जमीन स्वस्तात मिळते, सुंगटांचा तलाव घातला की डॉलरमध्ये कमाई. खरं काय?" कोणी व्हिडिओ पाठवतो, तर कोणी जहाजावरच्या मित्राचा हवाला देतो.

तेव्हा ठरवलं की यावर एकदा सविस्तर लिहावं. त्यासाठी एकच जागा घेतली आहे. बोर्निओ बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर महाकाम नदी समुद्राला मिळते, तो त्रिभुज प्रदेश. तिथे कसं जायचं, लोक कसे राहतात आणि पैसे गुंतवणाऱ्याचं काय होतं, ते तिन्ही सांगतो. शेवटपर्यंत वाचा, कारण यातला कर्जाचा भाग आपल्या जेटीवरही तसाच लागू पडतो.

जागा कुठली

महाकाम ही नऊशे किलोमीटरहून लांब नदी. बोर्निओच्या मधल्या डोंगरातून निघते आणि पूर्व कालिमांतान प्रांतातून वाहत मकासार सामुद्रधुनीला मिळते. समारिंदा हे प्रांताचं मुख्य शहर नदीकाठीच वसलेलं आहे. शहराच्या खाली नदीला फाटे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे, आणि पंख्यासारखा पसरलेला चिखलाचा मुलूख तयार होतो. विषुववृत्ताला अगदी लागून असल्यामुळे तिथे चक्रीवादळ येत नाही. २०२१ साली तौक्तेनं आपली काय दशा केली ते आठवा, म्हणजे या गोष्टीची किंमत कळेल.

या मुलखात मुळात सुमारे एक लाख हेक्टर खारफुटी होती. म्हणजे हजार चौरस किलोमीटर. अंदाज यावा म्हणून सांगतो, आपल्या सगळ्या गोव्याचं क्षेत्रफळ ३७०२ चौरस किलोमीटर, आणि वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे त्यात खारफुटी फक्त २७. तिथल्या जंगलात निपाह नावाचा पाणताड सर्वांत जास्त. त्याच्या झावळ्यांनी लोक घरं शाकारतात.

मुआरा पांतुआन, सपातिन, तानी बारू ही समुद्राच्या बाजूची गावं. 'मुआरा' म्हणजे नदीचं मुख. वस्ती मुख्यत्वे बुगी लोकांची. सुलावेसी बेटाच्या दक्षिणेकडून समुद्र ओलांडून आलेले हे दर्यावर्दी. जहाजं बांधण्यात आणि व्यापारात त्यांचा हात धरणारं त्या भागात कोणी नाही. सगळे मुसलमान, दर्याला मानणारे आणि पाहुण्याला जेवल्याशिवाय न सोडणारे.

आणखी एक गोष्ट, जी वाचून आम्हाला स्वतःला नवल वाटलं. याच नदीच्या वरच्या बाजूला, मुआरा कामान इथे, दगडी यूपस्तंभ सापडले. त्यांवर संस्कृत लेख आहेत, चौथ्या-पाचव्या शतकातले. मूलवर्मन राजानं ब्राह्मणांना गाई दान दिल्याची नोंद त्यांत आहे. इंडोनेशियात सापडलेल्या सर्वांत जुन्या लेखांत त्यांची गणना होते. तिथल्या बोलीतही आपले शब्द आहेत. गावाला 'देसा' म्हणतात, ते आपल्या 'देश'वरून. नफ्याला 'लाबा', म्हणजे लाभ. किमतीला 'हार्गा', ते संस्कृत 'अर्घ'वरून. असाच एक चौथा शब्द पुढे येणार आहे, तो लक्षात ठेवा.

जायचं कसं

आधी जकार्ता गाठायचं. तिथून बालिकपापानला विमानानं दोन तासांच्या आसपास. बालिकपापान ते समारिंदा आता शंभरएक किलोमीटरचा टोल रस्ता झाला आहे. समारिंदालाही २०१८ पासून नवा विमानतळ आहे. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे.

भारतीय पासपोर्टला विमानतळावर उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, आणि तो एकदा ३० दिवसांनी वाढवता येतो. सध्या त्याची फी ५ लाख रुपिया. आकडा ऐकून घाबरू नका, आपले तीनेक हजार रुपये होतात. पण हा व्हिसा फिरायला जाणाऱ्यांसाठी आहे. त्यावर नोकरी करता येत नाही, मासेमारी करता येत नाही, कोणाच्या तलावावर राखण करायलाही राहता येत नाही. एजंट काहीही सांगो, हे नियमात नाही.

समारिंदा किंवा आंगाना इथून पुढे रस्ता संपतो आणि पाणी सुरू होतं. मोठ्या फाट्यांत स्पीडबोट, आतल्या खाड्यांत 'कतिंतिंग' नावाची लांब दांड्याच्या इंजिनाची निमुळती होडी. आपल्याकडे फेरीबोट चुकली तर पंधरा मिनिटांनी दुसरी येते. तिथे ओहोटी चुकली तर होडी चिखलात बसते आणि पुढच्या भरतीपर्यंत वाट बघावी लागते. मोठ्या उधाणाला पाणी अडीच मीटरच्या वर चढतं. त्यामुळे वेळापत्रक घड्याळाचं नसतं, चंद्राचं असतं. हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

वाटेत नशीब असेल तर लांब नाकाची माकडं दिसतात, त्यांना 'बकांतान' म्हणतात. खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत, म्हणून होडीच्या काठावर पाय सोडून बसू नये. नदीच्या मधल्या भागात गोड्या पाण्यातले डॉल्फिन आहेत, 'पसुत' नावाचे. आपल्या ओडिशातल्या चिलिका सरोवरात असतात त्याच जातीचे. महाकाममध्ये आता ते शंभराच्याही आत उरले आहेत.

राहणं कसं

घरं खांबांवर. खांब 'उलिन' नावाच्या लाकडाचे. ते इतकं कठीण की पाण्यात वर्षानुवर्षं कुजत नाही. घराघरांना जोडणारा रस्ता म्हणजे फळ्यांचा पूल. खाली भरतीला पाणी, ओहोटीला चिखल. मोटार नाही, बैलगाडी नाही. शाळेत जायचं, नमाजाला जायचं, दुकानात जायचं, सगळं त्या फळ्यांवरून नाहीतर होडीनं.

चारी बाजूंनी पाणी, पण पिण्याचं पाणी मोठी अडचण. पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं, आणि उन्हाळी दिवसांत नदीत खारं पाणी वर चढलं की वरून होडीनं आणलेलं गोडं पाणी विकत घ्यायचं. वीज बराच काळ जनरेटरवरच चालली. दवाखाना लागला तर समारिंदा, तेही होडीनं, आणि होडीला डिझेल लागतं. हा शेवटचा मुद्दा विसरू नका. रात्री पोराला ताप चढला तर डिझेलला पैसे कोण देणार, या एका प्रश्नावर पुढची सगळी गोष्ट उभी आहे.

खाणं आपल्याला परकं वाटणार नाही. भात आणि मासे. बारीक सुंगटं कुटून, आंबवून 'तरासी' करतात. वास घेतला की आपल्या सुक्या गलम्याची आठवण यावी. माशाच्या पिठाची तळलेली 'आंप्लांग' ही समारिंदाची खासियत, घरी येताना लोक पिशव्या भरून नेतात. दारू गावात मिळणार नाही आणि मागूही नये. अंग झाकून वावरावं, गावात शिरताना आधी गावप्रमुखाला, म्हणजे 'कपाला देसा'ला, भेटावं. एवढं पाळलं तर माणसं जीव लावतात.

फिरायला म्हणून जा, आम्ही तर सांगू जरूर जा. आता पैशाकडे वळू.

सुंगटांचा पैसा कसा आला

१९७० च्या दशकात त्या भागात दोन गोष्टी एकदम आल्या. एक, तेल आणि वायू. किनाऱ्यालगतच्या समुद्रात आणि त्या चिखलाखालीसुद्धा मोठे साठे सापडले, बोंतांगहून जपानला द्रवरूप वायू जाऊ लागला. दुसरी, शीतगृहं. सुंगटं गोठवून परदेशी पाठवता येऊ लागली. तेव्हा सुंगटं समुद्रातून येत, ट्रॉलरवर. मग १९८० साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं इंडोनेशियानं ट्रॉल बंदी आणली आणि काही वर्षांत ती जवळजवळ देशभर लागू झाली. पारंपरिक मच्छीमारांच्या दृष्टीनं निर्णय चांगलाच. पण शीतगृहाला माल तर हवाच होता. तो कुठून आणायचा? खारफुटी तोडून तलाव खणायचे.

तलावाला तिथे 'तांबाक' म्हणतात. आपल्या खाजनासारखीच रचना. भोवती मातीचा बांध, बांधात पाण्याचं दार. आपली मानस तीच ती. भरतीला पाणी आत घ्यायचं, त्याबरोबर समुद्राची पिल्लं आत येतात, वर हॅचरीची पिल्लं विकत आणून सोडायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला दार उघडून तोंडाशी जाळं लावायचं. टायगर सुंगटं, त्यांना 'उदांग विंदू' म्हणतात, शिवाय खेकडे आणि 'बांदेंग' नावाचा मासा. खाद्य घालायचं नाही, पंप नाही. तलाव मात्र प्रचंड, एकेक दहा हेक्टर आणि त्याहून मोठासुद्धा.

फरक एवढाच की आपलं खाजन शेकडो वर्षांचं, गावानं मिळून राखलेलं. भात आणि मासळी दोन्ही त्यात. मानशीची पावणी होते, त्याचे पैसे कुळांच्या संघाकडे येतात, बांध दुरुस्तीला जातात. म्हणजे निदान तसं व्हायला पाहिजे. तिथले तांबाक एकेकट्या माणसाचे, नवे, आणि फक्त निर्यातीसाठी.

मग १९९७ चं वर्ष आलं. आशियातली चलनं कोसळली. त्या वर्षाच्या मध्याला एका डॉलरला सुमारे २४०० रुपिया पडत होते. १९९८ मध्ये हा आकडा १५ हजारांच्या वर गेला. सगळ्या देशाची वाताहत झाली, त्या वर्षी मे महिन्यात सुहार्तोंची ३० वर्षांहून जुनी सत्ता पडली. पण ज्याचा माल डॉलरमध्ये विकला जात होता, त्याच्या घरी दिवाळी. तेच सुंगट, तोच तलाव, हातात येणारे रुपिया कित्येक पट. खोदकामाची यंत्रं खाडीत उतरली. हातानं खणायला महिने लागणारा बांध यंत्रानं काही दिवसांत होऊ लागला. सुलावेसीहून आणखी माणसं आली. २००० सालच्या आसपास त्या एक लाख हेक्टरांतली निम्म्याहून जास्त खारफुटी तलावांखाली गेली होती.

त्याच सुमाराला आपल्याकडे काय झालं पाहा. ११ डिसेंबर १९९६ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं किनारी नियमन क्षेत्रातले व्यापारी कोळंबी प्रकल्प काढून टाका, पारंपरिक पद्धत तेवढी चालू द्या, असा निकाल दिला. तेव्हा अनेकांनी कपाळावर हात मारला होता. महाकामला तसा ब्रेक लागला नाही.

पुंगव कोण

आता तो चौथा शब्द. एवढ्या तलावांना पैसा कोणी दिला? बँकेनं नाही. बँक तारण मागते, आणि त्या चिखलाला सातबारा नव्हता. पैसा दिला 'पोंगावा'नं. हा शब्द संस्कृत 'पुंगव'वरून तिकडे गेला. पुंगव म्हणजे श्रेष्ठ, म्होरक्या. नरपुंगव म्हणतो ना आपण, तोच.

पोंगावा म्हणजे गावातला मोठा माणूस. त्याच्याकडे होड्या, बर्फ, दुकान, आणि शीतगृहाशी थेट सौदा. बरेचदा शीतगृहच त्याला आगाऊ पैसे देतं, तो ते खाली वाटतो. आपल्या शब्दांत सांगायचं तर भाटकार, सावकार, मासळीचा एजंट आणि गावचा पुढारी, चारही एका माणसात.

त्याची पद्धत अशी. तलाव खणायचा आहे? यंत्राचा खर्च तो करतो. पिल्लं पाहिजेत, जाळं पाहिजे, डिझेल, तांदूळ, तेल पाहिजे? घेऊन जा, वहीत लिहितो. मुलीचं लग्न आहे, घरात मयत झालं, रात्री पोर आजारी पडलं? दार वाजवा, लगेच पैसे. कागद नाही, जामीन नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट, व्याज नाही. धर्मानं व्याज निषिद्ध, त्यामुळे हे सगळ्यांना पटतंही.

अट एकच. तुमचा सगळा माल त्यालाच द्यायचा, भाव तो सांगेल तो.

बाजारापेक्षा किलोमागे काही कमी भाव, किंवा किलोमागे ठरावीक कापणी. कर्ज फिटेपर्यंत हे चालतं. आणि कर्ज फिटतच नाही, कारण पुढच्या हंगामाला पुन्हा पिल्लं लागतात. फेडायची घाई पोंगावालाही नसते. त्याला मुद्दल परत नकोच असते, त्याला माल पाहिजे असतो.

आपल्या आकड्यांत एक नमुन्याचा हिशेब मांडतो. समजा एकानं १ लाख रुपये उचलले. व्याज शून्य. माल वर्षाला २००० किलो, आणि किलोमागे २० रुपये कमी मिळतात. वर्षाला ४० हजार गेले. हे ४० टक्के व्याज झालं की नाही? वर मुद्दल १ लाख तशीच उभी. तीन वर्षांत १ लाख २० हजार गेले आणि देणं अजून १ लाख. दुसऱ्यानं १२ टक्क्यांनी कर्ज काढलं असतं तर वर्षाला १२ हजार व्याज भरून माल स्वतःच्या मर्जीनं विकला असता. पण पहिल्याला विचारा, तो म्हणेल, "मी बिनव्याजी घेतलंय, तूच व्याज भरतोस."

पोंगावा वाईट माणूस असतो असं आम्ही मुळीच म्हणत नाही. आजारपणात धावून येणारा तोच असतो, आणि भाव पडला, रोग आला तर कर्जाची वसुली थांबवणाराही तोच. त्याचाही पैसा वरच्या व्यापाऱ्याकडे अडकलेला असतो. गावातली माणसं त्याला मनापासून मानतात. म्हणूनच ही गाठ सुटत नाही. नुसती पैशाची गाठ असती तर कधीच सुटली असती.

मग झालं काय

खारफुटीच्या चिखलात गंधक असतं. चिखल पाण्याखाली आहे तोवर शांत. खणून बांधावर टाकला, हवा लागली की त्याचं आम्ल होतं, आणि पावसाबरोबर तलावात उतरतं. पहिली काही वर्षं पीक उत्तम, मग घसरत जातं. त्यात पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला. तो एका तलावातून दुसऱ्यात पाण्याबरोबर जातो, आणि तलाव तर एकाला एक लागून. शत्रू मासे मारायला कीटकनाशकं ओतली गेली, त्यानं उरलेली पैदासही मेली. समुद्राकडची खारफुटी गेल्यावर बांध लाटांनी खचू लागले, आणि जी पिल्लं भरतीबरोबर फुकट आत यायची त्यांची पाळण्याची जागाच नाहीशी झाली.

उत्पन्न घसरलं, तेव्हा नुकसान कोणाचं झालं? शीतगृहाला माल दुसरीकडून मिळतो. मोठ्या पोंगावाचे तलाव, होड्या, दुकान, अनेक धंदे असतात. ज्याच्या नावावर फक्त वहीतलं देणं होतं, तो तलावाचा मालक होता तो हळूहळू त्याच तलावाचा राखणदार झाला. हिस्सा घेऊन राखण करायची, बांधावरच्या खोपीत कुटुंबासह राहायचं. कित्येक तलाव तर ओस पडले.

कायद्याचा घोळ वेगळाच. हा सगळा मुलूख सरकारी कागदावर वनजमीन आहे. लोकांकडे असतात ती गावप्रमुखानं दिलेली पत्रं. गावात त्या पत्राला मान आहे, त्यावर व्यवहारही होतात, पण तो मालकी हक्क नव्हे.

आता तिथे खारफुटी परत लावण्याचं काम चालू आहे. इंडोनेशिया सरकारनं २०२० साली ६ लाख हेक्टर खारफुटी पुन्हा उभी करण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं, त्यात पूर्व कालिमांतानही आहे. तलावातला काही भाग झाडांना सोडायचा आणि उरलेल्यात मासळी घ्यायची अशी मिश्र पद्धतही काही जण करतात. चांगली गोष्ट आहे. पण एक लक्षात घ्या, झाडं लावायला जागा सोडायची की नाही हे ठरवणार कोण? वहीत ज्याचं नाव देणेकरी म्हणून आहे, तो एकटा नाही ठरवू शकत.

आपल्यापैकी कोणी पैसे घालायचे म्हटले तर

सरळ मुद्दे सांगतो.

एक. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. फार तर ठरावीक मुदतीचा वापराचा हक्क.

दोन. "स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ, मागून तुमच्याशी करार करू" असं कोणी सांगितलं तर तिथूनच उठा. त्याच कायद्याप्रमाणे परदेशी माणसाकडे आडमार्गानं मालकी देणारा व्यवहार मुळातच रद्दबातल ठरतो. पैसा गेला की गेला.

तीन. परदेशी भांडवलाची कंपनी काढून धंदा करता येतो. पण त्यासाठी गुंतवणूक १० अब्ज रुपियांच्या वर दाखवावी लागते, तीही जमीन आणि इमारत सोडून. आपल्या पैशांत पाच कोटींच्या आसपास. ही आपली उडी नव्हे.

चार. त्रिभुज प्रदेशातला तलाव म्हणजे वनजमिनीवरचा तलाव. स्थानिकालाच पक्का कागद नाही, तिथे तुम्हाला कोण देणार?

पाच. नवी राजधानी नुसांतारा याच प्रांतात होत आहे, त्याचा कायदा २०२२ मध्ये झाला. त्यावरून "भाव वाढणार, आत्ताच घ्या" असं सांगणारे खूप भेटतील. मोपा विमानतळ यायच्या आधी पेडण्यात कोण काय सांगत फिरत होतं, आठवून पाहा.

सहा. समजा हे सगळं जमलं, तरी माल विकायचा कोणाला? गावात बर्फ पोंगावाचा, होडी पोंगावाची, शीतगृहाचा सौदा पोंगावाचा. ज्याच्या हातात विक्री नाही, त्याची गुंतवणूक म्हणजे दुसऱ्याच्या धंद्यात फुकट घातलेलं भांडवल.

सहकार का जमला नाही

असं नाही की तिकडे सहकार नाही. तिथे संस्थेला 'कोपरासी' म्हणतात. देशाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हट्टा यांना इंडोनेशियन सहकाराचे जनक मानतात, आणि १२ जुलैला तिकडे सहकार दिन असतो. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रबोवो सुबियांतो यांनी गावोगावी मिळून ८० हजार संस्था उभ्या करण्याची योजना सुरू केली.

पण पोंगावाची जागा घ्यायची तर काय काय लागेल, याचा विचार करा. संस्थेचं कार्यालय सकाळी उघडतं, संध्याकाळी बंद. अर्ज, दोन जामीन, समितीची बैठक, मंजुरी, मग पैसे. तोवर तापानं फणफणलेलं पोर घेऊन कोणी बसून राहत नाही. शिवाय संस्थेनं कर्ज दिलं पण माल उचलला नाही, तर कर्जदार माल घेऊन जाणार पोंगावाकडेच, आणि वहीचं पान पुन्हा उघडणार. नुसतं कर्ज देणारी संस्था पोंगावासमोर टिकत नाही. कर्ज, बर्फ, डिझेल आणि विक्री, चारही गोष्टी एका ठिकाणी पाहिजेत, आणि अडीअडचणीला रात्री उघडणारं एक दार पाहिजे.

आपल्या जेटीवर

आता खरं सांगा, हे सगळं वाचताना किती जणांना वाटलं की हे आपण कुठेतरी पाहिलंय? हंगामाच्या तोंडावर इंजिनाच्या कामाला, जाळ्याला, खलाशांच्या आगाऊ पगाराला पैसे लागतात. एजंट हसत हसत देतो, व्याजाचं नावही काढत नाही. मग हंगामभर मासळी त्याच्याच काट्यावर. भाव संध्याकाळी कळतो, कधी दुसऱ्या दिवशी. आम्ही कोणाचं नाव घेत नाही, सगळे एजंट तसे नाहीत, आणि काहींनी कठीण दिवसांत आपल्या माणसांना सांभाळलं आहे हेही खरं. पण हिशेब हिशेबाच्या जागी.

म्हणून सभासदांना एक काम सांगतो. गेल्या हंगामातल्या पावत्या काढा. ज्या दिवशी तुम्ही मासळी दिली त्या दिवशीचा जेटीवरचा भाव आणि तुम्हाला मिळालेला भाव शेजारी शेजारी लिहा. फरकाला किलोंनी गुणा. जो आकडा येईल, तेच तुमच्या बिनव्याजी पैशाचं व्याज. कार्यालयात आलात तर आम्ही बसून हिशेब करून देऊ, कागद तुमचाच राहील, कोणाला दाखवणार नाही.

येत्या आमसभेत समितीतर्फे दोन ठराव येणार आहेत. एक, आजारपण आणि मयत यांसाठी सभासदाला त्याच दिवशी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, ठरावीक रकमेपर्यंत उचल देण्याचा. त्यासाठी समितीतले दोघे आळीपाळीनं फोनवर राहतील. दुसरा, जो संस्थेचं हंगामी कर्ज घेईल त्याची निदान निम्मी मासळी संस्थेच्या काट्यावर यावी, आणि भाव त्याच वेळी फळ्यावर लिहिला जावा. दोन्ही ठरावांवर वाद होतील, व्हायलाच पाहिजेत. निधी किती ठेवायचा, थकबाकी झाली तर काय करायचं, हे सगळं सभेत बोला. घरी बसून बोलू नका.

आणि ज्यांना महाकाम बघायचाच आहे त्यांनी पैसे साठवून खुशाल जावं. खांबांवरच्या घरात राहा, तरासीचा भात खा, उधाणाच्या रात्री पाण्याच्या दारावर जाळं लावताना बघा. फक्त एक करा. ते जाळं ओढणाऱ्याला विचारा, हा तलाव कोणाचा, आणि ही सुंगटं सकाळी कोणाच्या काट्यावर जाणार. दोन्ही उत्तरं ऐका आणि परत येऊन आम्हाला सांगा.

आपला,
सचिव
(व्यवस्थापक समितीच्या वतीने)